महिन्यातून एकदा सुया लावून गुडघा ऐकेल का?

पत्र : नमस्कार डॉक्टर. मी ५७ वर्षांची, मिरजेत पोळीभाजी केंद्र चालवते. तीन वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेमध्ये झीज दिसली; ऑपरेशनची वेळ अजून आलेली नाही म्हणाले. दुखण्याच्या गोळीने पित्त खवळतं. बीपीची गोळी आणि अ‍ॅस्पिरिन चालू आहे, शुगरही आहे. वर्षभर महिन्यातून एकदा अ‍ॅक्युपंक्चर घेते. दोन-तीन दिवस फार बरं वाटतं, मग पुन्हा आपलं तेच. आता तिथले थेरपिस्ट म्हणतात, आठवड्यातून तीनदा या. तीस सिटिंगचे बारा हजार आगाऊ भरलेत तर सवलत. त्यांच्या पत्रकात झोप, शुगर, बीपी, प्रतिकारशक्ती सगळंच सुधारतं असं लिहिलंय. आमचे हे म्हणतात, ‘सुया टोचून घ्यायला पैसे देणारी तू पहिलीच.’ नणंद म्हणते, एकदा सवय लागली की सुटत नाही. मुलीला अर्धशिशी आहे, तिलाही न्यावं का? सारखं सारखं घेऊन खरंच फायदा होतो, की नुसता खर्च?

उत्तर :

ताई, तुमच्या थेरपिस्टचं अर्धं म्हणणं मला पटलं. आठवड्यातून तीनदा या, हे पटलं. तीस सिटिंगचे पैसे आधी मोजा, हे नाही पटलं. आणि ते पत्रक तर सरळ बाजूला ठेवा, त्याच्याकडे मी नंतर येते.

मी स्वतः सुया लावत नाही. दुखणी घेऊन येणाऱ्यांना पुन्हा चालतं-फिरतं करणं हे माझं काम. त्यामुळे अ‍ॅक्युपंक्चर घेऊन आलेले, घेऊन कंटाळलेले आणि घेऊन खूश झालेले असे सगळेच भेटतात. कंटाळलेल्यांना विचारलं की बरेचदा तुमच्यासारखीच गोष्ट निघते: महिन्यातून एकदा, जमेल तेव्हा, सणवार आला की दीड महिन्याने. महिन्यातून एकदा तालमीत जायचं आणि दंड भरले नाहीत म्हणून तालमीला नावं ठेवायची, त्यातला हा प्रकार. तुम्हाला दोन-तीन दिवस बरं वाटतं, म्हणजे तुमचं शरीर सुईला उत्तर देतंय. ते उत्तर विरायच्या आत पुढची सुई लागत नाही, एवढंच.

सुई टोचल्यावर आत काय होतं, ते थोडक्यात सांगते. सुई त्वचेखाली स्नायूपर्यंत जाते आणि थेरपिस्ट ती हलकेच फिरवतो. तेव्हा तिथे जड पडल्यासारखं, आतून ओढल्यासारखं वाटतं. तुम्हाला हे ओळखीचं असेल. त्या जागी अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य वाढतं आणि ते दुखण्याचा संदेश नेणाऱ्या तंतूंना शांत करतं. २०१० साली अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी हे उंदरांवर दाखवलं. दुसरीकडे मज्जारज्जू आणि मेंदूत शरीराची स्वतःची वेदनाशामकं, म्हणजे एंडॉर्फिन वगैरे, सुटतात. बीजिंगचे हान जिशेंग यांनी यावर उभी हयात घालवली. सुयांना बारीक करंट लावतात ना, त्याचा वेग कमी ठेवला तर एक प्रकारची द्रव्यं सुटतात आणि वाढवला तर वेगळी, इथवर त्यांनी शोधून काढलं. पण ही द्रव्यं शरीरात फार काळ टिकत नाहीत. म्हणून एका सिटिंगचा आराम तासांचा नाहीतर दिवसांचा असतो. तोच इशारा पुन्हा पुन्हा, थोड्या थोड्या अंतराने मिळत राहिला, तर दुखण्याला चटावलेली मज्जासंस्था हळूहळू निवळते, असा आजवरच्या कामाचा रोख आहे. झिजलेली गादी मात्र सुईने भरून येत नाही. असं कोणी सांगत असेल तर तिथून उठा.

आता गुडघ्याबद्दल. अमेरिकेत बाल्टिमोरला मेरिलँड विद्यापीठाच्या लोकांनी २००४ साली गुडघ्याची झीज असलेल्या ५७० जणांवर एक मोठी चाचणी छापली. त्यांनी सुया कशा दिल्या, ते नीट वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. पहिले आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा. पुढचे दोन आठवडे, एकदा. नंतरचे चार आठवडे, पंधरवड्यातून एकदा. आणि शेवटचे बारा आठवडे, महिन्यातून एकदा. एकूण २३ सिटिंग, सहा महिन्यांत. म्हणजे महिन्यातून एकदा जाणं हे चुकीचं नाही, पण त्याची जागा शेवटी आहे. तुम्ही शेवटापासून सुरुवात केलीत.

त्या चाचणीतली दुसरी गोष्ट मला त्याहून कामाची वाटते. आठ आठवड्यांनी पाहिलं तर खऱ्या सुया घेणाऱ्यांचं चालणं, जिना चढणं, खुर्चीतून उठणं खोट्या, म्हणजे तुलनेसाठी नुसतं टोचल्याचं नाटक केलेल्या, सुया घेणाऱ्यांपेक्षा सुधारलेलं होतं, पण दुखण्यात म्हणावा तसा फरक नव्हता. दुखण्यातला फरक स्पष्ट झाला तो सव्वीसाव्या आठवड्याला. आधी हालचाल सुटते, दुखणं मागाहून उतरतं. चार सिटिंग झाल्या, अजून ठणकतंय म्हणून सोडून देणारे याच ठिकाणी फसतात.

चीनमध्ये तर आठवड्यातून तीनदा हीच साधी पद्धत आहे. दहा सिटिंगचा एक फेरा धरायचा, थोडी विश्रांती द्यायची, लागला तर पुढचा फेरा, असा तिथल्या दवाखान्यांचा जुना हिशोब. २०२१ साली बीजिंगच्या रुग्णालयांतल्या ४८० जणांचा निकाल आला. आठवड्याला तीन, अशा आठ आठवडे सुया. करंट लावलेल्या सुयांच्या गटात शंभरातल्या ६० जणांना चांगला उतार पडला, नुसत्या हाताने फिरवलेल्या सुयांच्या गटात जवळपास ५९ जणांना, आणि खोट्या सुयांच्या गटात ४७ जणांना. तीनदा की एकदा असा थेट सामनाही बीजिंगमध्ये झाला आहे. साठ जणांचीच छोटी चाचणी होती, पण तीनदावाल्यांनी एकदावाल्यांना मागे टाकलं. तुमच्या थेरपिस्टच्या म्हणण्याला आधार आहे, तो हा.

आता घरात वाद होणार तो त्या ४७ वर. या चाचणीतल्या खोट्या सुया म्हणजे मुद्दाम भलत्या जागी, वरवर टोचलेल्या. आणि त्यांनीही जवळपास निम्म्यांना बरं वाटलं! तुमचे यजमान म्हणतील, बघ, सगळा मनाचा खेळ. त्यांचं अगदीच चूक नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर अशीच चाचणी झाली, २००७ साली ती छापून आली. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांचा फायदा शंभरात ४७-४८ जणांना, खोट्या सुयांचा ४४ जणांना. मात्र गोळ्या, व्यायाम, फिजिओ असे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी फक्त २७ जणांना. हे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवले की चित्र दिसतं. सुई नेमकी कुठे टोचली, यापेक्षा कोणीतरी नेमाने, ठरलेल्या दिवशी, अर्धा तास तुमच्या दुखण्यापाशी थांबतं, यात बरंच काही आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. दुखणं मेंदूत जाणवतं; मेंदू निवळून दुखणं उतरलं तर ते खरंच उतरलेलं असतं. पण ‘हा बिंदू फक्त मलाच सापडतो’ असं सांगून जास्त पैसे घेणाऱ्यापासून लांब राहा.

विरोधातलंही सांगायला हवं, नाहीतर मीही पत्रकच छापलं असं होईल. ऑस्ट्रेलियात २०१४ साली पन्नाशीपुढच्या २८२ जणांवर झालेल्या चाचणीत गुडघ्यासाठी सुया खोट्या उपचारापेक्षा सरस ठरल्या नाहीत. तिथे बारा आठवड्यांत आठ ते बारा सिटिंग दिल्या होत्या, म्हणजे आठवड्याला जेमतेम एक. त्या विरळपणामुळे फायदा दिसला नाही असं सुयांच्या बाजूचे लोक म्हणतात. असेलही, पण ते सिद्ध झालेलं नाही. इंग्लंडची सरकारी मार्गदर्शिका गुडघ्याच्या झिजेसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका म्हणते. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना म्हणते, देऊन पाहायला हरकत नाही. दोन्हीकडे शहाणी माणसं बसली आहेत आणि त्यांच्यापुढचे कागदही बरेचसे तेच आहेत. तुमच्या बाबतीत माझं मत ‘देऊन पाहा’च्या बाजूला झुकतं, कारण गोळी तुमच्या पोटाला सोसत नाही, ऑपरेशन अजून लांब आहे आणि सुईने तुम्हाला दोन-तीन दिवस का होईना, उतार पडतो.

मग करायचं काय? पहिले चार आठवडे आठवड्यातून तीनदा जा. केंद्रामुळे जमत नसेल तर दोनदा, पण दोनाच्या खाली नको. दुपारचे डबे गेले की तीन ते पाच तुम्हाला मोकळे मिळत असतील, ती वेळ धरा. लागोपाठ तीन दिवस जाऊन बाकीचा आठवडा कोरडा ठेवू नका. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं अंतर ठेवा. दहा-बारा सिटिंग झाल्या की थांबून हिशोब घ्या. फरक असेल तर पुढचा महिना आठवड्यातून एकदा, मग पंधरवड्याने, मग महिन्याने, आणि मग बंद. वीसेक सिटिंगमध्ये हे सगळं बसतं. फरक नसेल तर बाराव्या सिटिंगला नमस्कार करून बाहेर पडा.

हिशोब घ्यायचा कसा, यावर जरा थांबते, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. ‘कसं वाटतंय?’ असं कोणी विचारलं की आपण भिडेखातर ‘बरंय’ म्हणतो. थेरपिस्ट प्रेमळ असेल तर दोनदा म्हणतो. म्हणून सुरू करण्याच्या आदल्या दिवशी केंद्राच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर चार गोष्टी लिहून ठेवा. घराचा जिना एका दमात चढता येतो की कठडा धरून एकेक पायरी. ओट्यापाशी किती वेळ सलग उभं राहता येतं. आठवड्यात दुखण्याच्या किती गोळ्या लागल्या. रात्री कूस बदलताना जाग येते का. दर रविवारी याच चार गोष्टी पुन्हा लिहा. महिन्याने वही यजमानांच्या हातात द्या. ते व्यवहारी दिसतात. आकड्यांशी वाद घालणार नाहीत.

वर मी ‘बंद’ म्हटलं, त्यावर तुमचे थेरपिस्ट नाराज होतील. नियमित म्हणजे जन्मभर, अशी एक समजूत या धंद्यात पसरली आहे. मेंटेनन्स म्हणून घेत राहा, म्हणजे पुन्हा दुखणार नाही, असं सांगतात. अमेरिकेत पासष्टीपुढच्या आठशे कंबरदुखीवाल्यांवर हे तपासून पाहिलं, २०२५ साली त्याचा निकाल आला. एका गटाला बारा आठवड्यांत आठ ते पंधरा सिटिंग, दुसऱ्या गटाला तेवढ्याच आणि वर पुढच्या तीन महिन्यांत आणखी चार ते सहा. सुया घेणारे दोन्ही गट नेहमीच्या उपचारांपेक्षा वर्षभर पुढे राहिले. पण वरच्या चार-सहा सिटिंगनी म्हणावी तशी भर घातली नाही. जुनाट दुखण्यांच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावरही हेच दिसलं आहे की चांगला दाट कोर्स झाला तर त्याचा बराचसा फायदा वर्षभराने टिकून असतो. मग दर महिन्याला पाचशे रुपये कशाला? वर्षभराने पुन्हा कुरकुर सुरू झाली तर पुन्हा एक छोटा फेरा घ्या.

तीस सिटिंगच्या पॅकेजला माझा विरोध आहे तो यामुळेच. गुडघ्याला बाराव्या सिटिंगपर्यंत फरक पडला नाही तर तुम्ही थांबायला हवं, आणि पैसे भरलेले असले की माणूस थांबत नाही. अमेरिकेतली वृद्धांची सरकारी विमा योजना २०२० पासून कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरचे पैसे देते. त्यांचा नियम मला आवडतो: ९० दिवसांत बारा सिटिंग, सुधारणा दिसली तरच आणखी आठ, वर्षात वीसच्या वर नाही, सुधारणा नसेल तर तिथेच बंद. हाच नियम तुम्ही स्वतःला लावा. थेरपिस्टना सांगा, सहा-सहाचे पैसे देते. चांगला माणूस असेल तर ऐकेल, सवलतही थोडी देईल. आपल्याकडे बहुतेक आरोग्यविमा पॉलिसी असले बाहेरचे, भरती न होता घेतलेले उपचार धरत नाहीत, तेव्हा हा खर्च खिशातूनच जाणार हे धरून चाला.

आणि सुया घेऊन दोन-तीन दिवस जो आराम मिळतो त्याचं तुम्ही काय करता? माझा अंदाज, राहिलेली धुणीभांडी उरकता, नाहीतर शंभर पोळ्या जास्त लाटता. तोच वेळ मांडीच्या स्नायूंना द्या. गुडघ्याच्या झिजेवर आजही सगळ्यात भक्कम शिफारस आहे ती व्यायामाची आणि वजन उतरवण्याची. सुया त्यांच्या मागून येतात. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, मांडी घट्ट आवळायची, दहा आकडे मोजायचे, सोडायचा. दहा वेळा डावा, दहा वेळा उजवा, सकाळ-संध्याकाळ. पुढच्या महिन्यात खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. दुखत असताना हे व्यायाम कोणी करत नाही, म्हणून तर सुया. ठणका उतरलेला असतानाच स्नायू कमावून घेतले तर सुया सुटल्यावर गुडघ्याला आधार राहतो. नाहीतर आठ आठवड्यांनी तुम्ही होता तिथेच. वजनाचं म्हणाल तर एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा चार किलोंचा भार कमी होतो. दिवसभरात ओटा, गॅस, डबे असं करत तुमची किती पावलं पडत असतील, बघा.

पोळ्या लाटायला तुम्ही खाली बसत असाल तर ते आजपासून बंद. पोळपाट ओट्यावर घ्या, उंच स्टूल घ्या, एक पाय पाटावर टेकवा, दर अर्ध्या तासाने पाय बदला. शक्य असेल तर लाटायला एक बाई वाढवा. पॅकेजच्या बारा हजारांत ते जास्त शोभेल.

पत्रकाकडे येते. झोप सुधारेल, हे मी मान्य करते. रात्री ठणकणारा गुडघा गप्प बसला की झोप लागणारच. शुगर आणि बीपीसाठी मात्र सुयांच्या भरवशावर एकही गोळी कमी करायची नाही, तुमच्या डॉक्टरांनी मोजून सांगितल्याशिवाय. प्रतिकारशक्ती वाढते वगैरे वाक्यं पत्रकात जागा भरायला असतात. सुयांचा उपयोग जिथे बऱ्यापैकी दिसला आहे त्या जागा मोजक्या आहेत: जुनी कंबर-मान-गुडघादुखी, डोकेदुखी, आणि भूल किंवा केमोथेरपीनंतरची मळमळ. एवढ्या असल्या तरी पुष्कळ आहेत. त्यापुढची यादी जितकी लांब, तितका माझा विश्वास आखूड.

मुलीच्या अर्धशिशीचं मात्र तुम्ही बरं विचारलंत, कारण तिथे पुरावा गुडघ्यापेक्षा सरस आहे. २०१६ साली २२ चाचण्यांतल्या जवळपास पाच हजार रुग्णांचा एकत्रित आढावा निघाला. सुया घेतलेल्यांत शंभरातल्या ४१ जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली, न घेतलेल्यांत फक्त १७ जणांची. खोट्या सुयांशी तुलना केली तर फरक लहान होतो, ५० विरुद्ध ४१, पण उरतो. इंग्लंडच्या ज्या सरकारी संस्थेची मार्गदर्शिका गुडघ्याला नको म्हणते, तिचीच डोकेदुखीची मार्गदर्शिका म्हणते, अर्धशिशी टाळायच्या गोळ्या सोसल्या नाहीत किंवा लागू पडल्या नाहीत तर पाच ते आठ आठवड्यांत दहा सिटिंगपर्यंत द्यायचा विचार करा. म्हणजे इथेही दाटच: आठवड्याला एक-दोन, आणि सहाच्या आत निकाल लावायचा नाही. डोकं चढलेलं असताना धावत जाऊन सुई घ्यायची असा हा उपचार नाही. दुखत नसलेल्या दिवसांत घ्यायचा, म्हणजे पुढचे झटके कमी येतात. तिलाही कॅलेंडरवर दुखण्याच्या दिवसांना खूण करायला सांगा. दिवस राहिले असतील किंवा राहण्याची शक्यता असेल तर ते थेरपिस्टला आधी सांगायचं, कारण काही बिंदू तेव्हा टाळतात.

तुमच्या औषधांमुळे काही पथ्यं आहेत. अ‍ॅस्पिरिन सुयांसाठी बंद करायची नाही, हृदयासाठी ती चालू असेल तर मुळीच नाही. फक्त थेरपिस्टला सांगा. सुई काढल्यावर ते कापसाने जरा जास्त वेळ दाबून धरतील आणि एखादा काळानिळा डाग उठलाच तर तुम्ही घाबरणार नाही. शुगरमुळे तळपायाला बधिरपणा किंवा मुंग्या असतील तर पावलावर, बोटांवर सुई नको आणि तिथे शेकाचा दिवाही नको. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही, मी असे फोड पाहिले आहेत. पेसमेकर असलेल्यांनी करंट लावू देऊ नये. तुम्हाला तो नाही असं धरते. गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला, ताप आला, पोटरी सुजून दुखायला लागली किंवा गुडघा मध्येच अडकून बसायला लागला तर त्या दिवशी सुया नाहीत, डॉक्टर.

एरवी हा उपचार सुरक्षित आहे. जर्मनीत सव्वादोन लाखांहून जास्त रुग्णांची नोंद ठेवली, त्यात शंभरातल्या आठ-नऊ जणांना काही ना काही त्रास झाला, तोही मुख्यतः थोडं रक्त येणं, डाग उठणं, टोचलेल्या जागी दुखणं. फुप्फुसाला सुई लागल्याचे प्रकार एवढ्या सगळ्यांत दोन. गुडघ्याच्या सुयांमध्ये तोही धोका नाही. मात्र सुईचं पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फुटलं पाहिजे, आणि वापरलेली सुई पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. ‘तुमच्या सुया तुमच्या नावाने जपून ठेवतो, पुढच्या वेळी त्याच वापरू’ असं अजूनही काही ठिकाणी चालतं. ते चालवून घेऊ नका.

थेरपिस्टची नोंदणी विचारायला लाजू नका. अ‍ॅक्युपंक्चर आयुषमध्ये येत नाही, पण केंद्र सरकारने २०१९ मध्ये त्याला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आहे आणि आपल्या राज्यात त्यासाठी वेगळा कायदा आणि महाराष्ट्र अ‍ॅक्युपंक्चर परिषद आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर असायला हवं. भिंतीवर बऱ्याचदा डॉ. कोटणीसांचा फोटो असतो, तो पुरेसा नाही! आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले ते शल्यचिकित्सक म्हणून, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ साली तिथेच वारले. सुयांची विद्या पुढे भारतात आणली ती त्याच पथकातले त्यांचे सहकारी, कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू यांनी. आपल्याकडच्या दवाखान्यांत मात्र फोटो कोटणीसांचाच असतो, आणि सोलापूरकरांना तो अभिमान असणं साहजिक आहे.

राहिली नणंदबाईंची भीती. सुईत औषध नसतं, त्यामुळे दारू-तंबाखूसारखी सवय शरीराला लागत नाही. बंद केल्यावर दुखणं उसळून पूर्वीपेक्षा वाढतं, असंही नाही. फार तर होतं तेवढ्यावर परत येतं. सवय लागू शकते ती त्या अर्ध्या तासाची. दिवसभरात कोणीही हाक मारत नाही, गॅसवर काही ठेवलेलं नाही, असा तेवढाच वेळ तुम्हाला मिळत असेल तर तो सोडवणार नाही, हे मी समजू शकते. पण तो घरीही मागून घेता येतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत तरी सांगते. आठवड्यातून तीन दिवस धरलेत की त्यात कधीतरी संकष्टी येणारच. उपाशी पोटी सुया घेतल्या तर चक्कर येते, आणि शुगरची गोळी चालू असेल तर ती नुसती चक्कर राहत नाही. त्या दिवशी एकतर उपास सोडून जा किंवा वार बदलून घ्या. तास-दीड तास आधी काहीतरी खाल्लेलं हवं. पहिल्या दोन-तीन सिटिंग झोपून घ्या, उठल्यावर पाच मिनिटं तिथेच बसा, आणि त्या दिवशी घरी परत न्यायला मुलीला नाहीतर यजमानांना बोलवा. यजमान आले तर आणखी बरं, थेरपिस्टचं प्रमाणपत्र वाचायचं काम त्यांना देता येईल.